फ्युजिफॉर्म म्हणजे नेमका कसा आकार? आणि हा शब्द आला कुठून?

सांजवात (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मुलगी यंदा अकरावीला आहे. सायन्स, सोबत नीटची तयारी. परवा रात्री मी गवार मोडत बसले होते, तर जीवशास्त्राचं एनसीईआरटीचं पुस्तक घेऊन शेजारी येऊन बसली. अपट्टकी, म्हणजे पट्टे नसलेल्या स्नायूंबद्दल एक वाक्य आहे त्यात: हे तंतू दोन्ही टोकांना निमुळते होत जातात. आणि तिथेच कंसात एकच शब्द, फ्युजिफॉर्म. तिनं क्लासमध्ये विचारलं होतं की हा शब्द आला कुठून. उत्तर मिळालं, "पाठ कर, पर्यायात आला तर टिक कर, एवढंच." पोरगी हिरमुसली होती. मलाही वाईट वाटलं, कारण तिनं विचारलं ते चुकीचं नव्हतं.

डिक्शनरीत पाहिलं तर अर्थ स्पिंडलच्या आकाराचा, म्हणजे चातीच्या आकाराचा. आता चाती म्हणजे काय हे तिला सांगायला घरात चाती कुठे आहे? मीसुद्धा आजीच्या घरी माळ्यावर मोडका चरखा पाहिलेला, तेवढाच. तिनं विचारलं, "आई, चाती तर सरळ काडी असते ना, मग मध्ये फुगीर कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे जाणकार खूप आहेत म्हणून धागा काढते आहे. नुसती व्याख्या नको, ती मिळाली आहे. तिला हा आकार डोळ्यासमोर दिसायला हवा आहे.

शब्दवेडा

छान प्रश्न. माझ्या मते यात 'फ्यूज' आहे. फ्यूज, फ्यूजन, सगळं वितळण्याशी संबंधित. वितळलेला पदार्थ ओघळताना जसा लांबट थेंब होतो, तसा आकार म्हणजे फ्युजिफॉर्म असावा.

मोडीवाला

शब्दवेडा, इथे गफलत होते आहे. ती गफलत लॅटिनमध्येच असल्यामुळे भल्याभल्यांची होते. लॅटिनमध्ये 'फूसुस' असे दोन शब्द आहेत, लिहायला अगदी सारखे. एक म्हणजे ओतलेला, वितळवलेला. तो 'फुंडेरे' या ओतण्याच्या क्रियापदाचं रूप. फ्यूजन, कन्फ्यूजन, ट्रान्सफ्यूजन ही सगळी त्याची पोरं. दुसरा 'फूसुस' म्हणजे सूत कातायची चाती. फ्युजिफॉर्म या दुसऱ्यातून आला. 'फॉर्म' म्हणजे लॅटिन 'फॉर्मा', आकार. चाती अधिक आकार, इतका सरळ समास. इंग्रजीत तो अठराव्या शतकात रुळला. त्या काळी झाडांच्या मुळा-पानांचं वर्णन लॅटिनमध्ये करायची रीत होती, आणि मुळाच्या एका आकाराला हा शब्द लागला.

गंमत पुढे आहे. फटाक्याचा किंवा सुरुंगाचा फ्यूज, म्हणजे आपण जिला वात म्हणतो, तो चातीवरूनच आला. इटालियन 'फूझो' म्हणजे चाती. दारू भरलेली ती बारीक नळी चातीसारखी दिसायची म्हणून तिला ते नाव. आणि घरातला विजेचा फ्यूज? तो मात्र वितळण्याचाच, कारण त्यातली तार वितळून तुटते. म्हणजे दिवाळीत पेटवतो तो फ्यूज वेगळा आणि मीटरच्या पेटीत उडतो तो वेगळा, स्पेलिंग तेवढं एक.

उच्चाराचं सांगायचं तर हा 'ज' जहाजातला, जगातला नव्हे. मराठी माणसाला तो जन्मतःच येतो.

शब्दवेडा

मोडीवाला, मनापासून आभार. इतकी वर्षं दोन्ही फ्यूज एकच समजत होतो. वातीचं तर डोक्यातही आलं नव्हतं.

नेवाळी

वाचतेय. +१

आप्पाकाका

सांजवात ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न फार आवडला. चाती सरळ काडी असते हे तिचं म्हणणं बरोबरच आहे. पुस्तकं तिथे एक पायरी गाळतात, ती मी सांगतो.

माझं शिक्षण वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात झालं. १९३७ साली वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, ही पद्धत पुढे आली, तिचं वारं आमच्या शाळेपर्यंत पोहोचलेलं होतं. रोज एक तास सूतकताई. लहान वर्गांना टकळी, म्हणजे हातानं फिरवायची चाती, आणि मोठ्यांना पेटीचरखा. तो घडीचा पेटीचरखा गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना घडवत नेला, म्हणून त्याला येरवडा चरखाही म्हणतात. पुण्याच्या मंडळींनी ध्यानात ठेवावं.

आता चातीकडे या. चाती म्हणजे पोलादाची बारीक सळई, वीतभर किंवा थोडी जास्त, टोकाला निमुळती. चाक फिरवलं की माळेमुळे, म्हणजे चाकावरून चातीला जोडलेल्या दोरीमुळे, चाती भिरभिरते. डाव्या हातात पेळू असतो, पिंजलेल्या कापसाची बोटाएवढी सैलसर सुरळी. पेळूचं तोंड चातीच्या टोकाशी अडकवलेल्या सुताला लावायचं आणि हात हळूहळू मागे न्यायचा. पीळ सुतातून पेळूपर्यंत चढत येतो, तो बोटांना कळतो, एखादी मुंगी चालत यावी तसा. हात पूर्ण लांबला की थांबायचं, चाक किंचित उलटं फिरवून सूत टोकावरून सोडवायचं, मग हात बाजूला आणून ते सूत चातीच्या अंगावर गुंडाळायचं. परत टोकाशी यायचं, परत कातायचं.

हे शे-दोनशे वेळा झालं की काय होतं? चातीच्या अंगावर सुताचं पोट तयार होतं. कडेला सूत ढासळू नये म्हणून आपण दोन्ही बाजूंना थर कमी कमी ठेवतो आणि मध्ये जास्त. त्या भरलेल्या गुंडाळीला आमच्याकडे कुकडी म्हणायचे. ती कुकडीच तुमचा फ्युजिफॉर्म. रिकामी चाती नव्हे, सुतानं भरलेली चाती. मुलीला सांगा, फुगीरपणा सुताचा आहे आणि निमुळती टोकं चातीची.

मोडीवाला

आप्पाकाका, हे कुठल्याही कोशात मिळालं नसतं. एक पुरवणी जोडतो. युरोपात चरखा यायच्या आधी बायका हातचातीवर सूत कातत, आणि तिकडच्या पुष्कळ लाकडी चात्या मुळातच मध्ये जाड आणि दोन्हीकडे निमुळत्या कोरलेल्या असत. त्यामुळे रोमन माणसाला रिकाम्या चातीतही हा आकार दिसत असणार. सूत भरलं की तो आणखी ठसठशीत.

सांजवात

आप्पाकाका, तुमचा प्रतिसाद लेकीला मोठ्यानं वाचून दाखवला. "म्हणजे स्नायूचा तंतू हा भरलेल्या चातीसारखा" असं ती स्वतःहून म्हणाली, आणि मग वहीत आकृती काढली. मधला फुगवटा काढून त्यात केंद्रक दाखवलं. मी बघतच राहिले.

फिजिओ_रेवा

केंद्रक मध्ये दाखवलं ते अगदी बरोबर. अपट्टकी तंतूत एकच केंद्रक असतं आणि ते मधल्या जाड भागातच बसतं. तिला अजून एक विचारायला सांगा: असे तंतू एकमेकांशेजारी कसे रचले जातात? उत्तर असं की एकाचं निमुळतं टोक शेजाऱ्याच्या जाड पोटापाशी येतं. त्यामुळे मध्ये रिकामी जागा उरत नाही आणि आतड्याच्या, रक्तवाहिनीच्या भिंतीत त्यांचा घट्ट थर तयार होतो. हा आकार असा कामाचा आहे.

हाच शब्द तिला पुढे पुन्हा पुन्हा भेटणार आहे. दंडाची बेटकुळी म्हणजे बायसेप्स. मध्ये पोट आणि दोन्हीकडे निमुळता होत दोरीसारख्या कंडरेत शिरणारा. शरीररचनेच्या वर्गात अशा स्नायूलाही फ्युजिफॉर्मच म्हणतात. शिवाय स्नायूंच्या आत ताण ओळखणारी इवलीशी चात्यांसारखी ग्राहकं असतात, त्यांचं नावच मसल स्पिंडल. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडीनं टकटक करतात आणि पाय आपोआप उडतो, तो या चात्या एकदम ताणल्या गेल्यामुळे. त्या चातीच्या आतल्या तंतूंना इंट्राफ्यूजल आणि बाहेरच्यांना एक्स्ट्राफ्यूजल म्हणतात. मी पहिल्या वर्षाला हे दोन शब्द रडत रडत पाठ केले होते. कुणी तेव्हा सांगितलं असतं की 'फ्यूज' म्हणजे इथे चाती, तर आतलं-बाहेरचं एका मिनिटात कळलं असतं.

काळी_माती

मी शेतकरी आहे, विदर्भातला. जीवशास्त्र बारावीपर्यंतच. पण हा धागा वाचून एक गोष्ट लखकन डोक्यात आली. आमच्या तुरीवर मर रोग येतो तो ज्या बुरशीमुळे, तिचं नाव फ्युजेरियम. हाच 'फ्यूज' आहे का?

मोडीवाला

हाच! फ्युजेरियम हे नाव चातीवरूनच ठेवलेलं आहे, १८०९ साली. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे मोठे बीजाणू दोन्ही टोकांना निमुळते दिसतात, जरासे बाक असलेले, आत आडवे पडदे असलेले. कुणाला होडीसारखे वाटतात, कुणाला कोयत्यासारखे. नाव ठेवणाऱ्याला चाती दिसली.

काळी_माती

धन्यवाद. माझं तर या बुरशीनं लई नुकसान केलंय. झाड वरून हिरवं दिसतं, शेंगा धरायच्या वेळेला एकाएकी मान टाकतं. खोड उभं चिरलं की आत काळपट रेघा दिसतात. मुळातून शिरून ती पाणी चढायच्या नळ्याच तुंबवते. जमिनीत वर्षानुवर्षं टिकून राहते, म्हणून त्याच वावरात फिरून तूर घेत नाही आम्ही, आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळतो. हरभऱ्याचा मर आणि केळीचा मर हेही याच कुळातले. इतक्या वर्षांच्या वैऱ्याच्या नावाचा अर्थ आज कळला.

खाडीपलीकडे

आमच्याकडे रत्नागिरीला फ्युजिफॉर्म रोज बाजारात मिळतो! बांगडा हातात घ्या. तोंडाकडे निमुळता, मध्ये भरलेला, शेपटीकडे पुन्हा बारीक. कुपा घ्या, म्हणजे ट्यूना, तो तर या आकाराचा राजा. मत्स्यशास्त्राच्या पुस्तकात लांब पल्ल्याचे वेगवान पोहणारे मासे फ्युजिफॉर्म देहाचे म्हणून दिलेले असतात, कारण पाणी अशा अंगावरून घसरत जातं आणि मागे भोवरे कमी उठतात. कुपा पाठीवरचा पहिला पर मिटून अंगातल्या खाचेत बसवतो, म्हणजे तेवढाही अडथळा नको.

उलट पापलेट बघा. बाजूनं चपटा, ताटलीसारखा. तो फ्युजिफॉर्म नाही. मुलीला मच्छीबाजारात न्या, दोन्ही शेजारी ठेवून दाखवा, जन्मात विसरणार नाही.

सांजवात

आम्ही शाकाहारी आहोत हो, पण बाजारात जाऊन बघायला काहीच हरकत नाही.

वनश्री

मग मुळा घ्या ताई! खरं तर या शब्दाची वनस्पतिशास्त्रातली ओळख तीच. अन्न साठवणाऱ्या सोटमुळांचे प्रकार शिकवताना मुळा फ्युजिफॉर्म, गाजर शंकूसारखं, आणि सलगम भोवऱ्यासारखं, वरून गरगरीत आणि खाली एकदम शेपटी. फक्त मंडईत मुळा निवडून घ्या. काही जाती सरळ दांडक्यासारख्या वाढतात, त्या उपयोगाच्या नाहीत. मध्ये फुगलेला आणि पानांकडेही किंचित बारीक झालेला हवा.

निळा_पक्षी

नाशिकजवळ ओझरला विमानांच्या कामात आयुष्य गेलं. विमानाच्या धडाला आम्ही फ्युजलाज म्हणतो. तो शब्द फ्रेंच, 'फ्युझले' म्हणजे चातीसारखं निमुळतं केलेलं, आणि त्याच्या मुळाशी तीच लॅटिन चाती. खाडीपलीकडे यांनी कुप्याबद्दल लिहिलं तेच कारण इथेही: हवेतून जाताना अडथळा कमी व्हावा. रोज तोंडात असलेला शब्द, पण त्यात चरखा आहे हे मला निवृत्तीनंतर कळलं.

शब्दवेडा

मंडळी, आता एक मराठी प्रश्न. फ्युजिफॉर्मला मराठीत काय म्हणावं? पुस्तकात 'तर्कुरूप' वाचलंय. पेशीविभाजनातही 'तर्कुतंतू' येतात. हा 'तर्कु' कोण? तर्कशास्त्राचा काही संबंध?

मोडीवाला

तर्कु म्हणजे संस्कृतात चातीच. आपली टकळी, हिंदीतली तकली आणि तकुआ ही सगळी त्याच घरातली. म्हणजे 'तर्कुरूप' हा फ्युजिफॉर्मचा पायरी-पायरीनं केलेला अनुवाद आहे: फूसुस तिथे तर्कु, फॉर्मा तिथे रूप.

या शब्दाच्या उगमाबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही सुंदर आहेत. यास्क या प्राचीन व्युत्पत्तिकारानं 'निरुक्त' या ग्रंथात शब्द कसे बदलतात ते सांगताना एक प्रकार दिलाय, पुढचं अक्षर मागे आणि मागचं पुढे. त्याच्या उदाहरणांत तर्कु आहे. 'कृत्' म्हणजे कातणे. त्यातले क आणि त उलटे झाले की तर्कु. आपलं 'कातणे' याच 'कृत्'चं. म्हणजे यास्काच्या हिशेबानं 'कातणे' आणि 'टकळी' एकाच धातूचे, एक सुलटा आणि एक उलटा.

आधुनिक भाषाशास्त्रज्ञ दुसरं सांगतात. पिळणे, वळवणे या अर्थाचं एक जुनं इंडो-युरोपीय मूळ होतं. संस्कृतात त्यातून तर्कु, ग्रीकमध्ये चातीसाठी 'आत्राक्तोस', आणि लॅटिनमध्ये 'तोर्क्वेरे', म्हणजे पिळणे. इंजिनाचा टॉर्क त्यातूनच, आणि टॉर्चही, कारण मशालीसाठी काहीतरी पिळून वळलेलं लागतं. मला स्वतःला हे दुसरं मत पटतं, कारण तीन भाषांची साक्ष आहे. पण अडीच हजार वर्षांपूर्वी यास्क हा शब्द समोर धरून त्याची अक्षरं उलटीसुलटी करून पाहतो, हे मला फार हृद्य वाटतं. तर्कशास्त्राचा तर्कही अनेक जण याच मुळाकडे नेतात: मनात एखादी गोष्ट उलटसुलट फिरवून पाहणं.

आप्पाकाका

तोंडाची टकळी चालू आहे असं आपण म्हणतो, तीही हीच. टकळी फिरायला लागली की थांबत नाही म्हणून.

विटीदांडू

'तर्कुरूप' शुद्ध आहे, मान्य. पण अकरावीच्या पोरांना तर्कु माहीत नाही आणि स्पिंडलही माहीत नाही. एका न कळणाऱ्या शब्दाच्या जागी दुसरा न कळणारा शब्द ठेवून काय साधणार? मी मुलांना सांगतो, विटी आठवा. विटीदांडूतली विटी: मध्ये जाड, दोन्ही टोकं तासलेली. टोकावर दांडू मारला की उडते ती टोक जमिनीपासून उचललेलं असतं म्हणून, आणि ते उचललेलं असतं मध्ये जाड आणि टोकं निमुळती म्हणून. फ्युजिफॉर्म म्हणजे विटीसारखा. माझ्या गावाकडची पोरं अजून खेळतात, त्यांना एका वाक्यात कळतं.

मोडीवाला

विटीसारखा! फारच छान. आकारासाठी तुमचा शब्द एक नंबर. फक्त उगम सांगताना चातीकडे यावंच लागेल, नाहीतर फ्युजेरियम, फ्युजलाज, फटाक्याची वात ही गोतावळ्यातली माणसं पुन्हा वेगवेगळी पडतील.

नेवाळी

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माझ्या मावशीला पक्षाघात झाला, त्यानंतर ती चेहरे ओळखेना. दृष्टी चांगली होती, वाचता यायचं. पण मी समोर उभी राहिले तरी कोण ते कळायचं नाही. मी "मावशी" अशी हाक मारली की लगेच म्हणायची, "अगं, तू होय!" डॉक्टरांनी स्कॅनवर मेंदूच्या खालच्या बाजूची एक लांबट वळी दाखवली आणि म्हणाले, ही फ्युजिफॉर्म जायरस, इजा इथे झाली आहे. मला ते एखाद्या आजाराचं नाव वाटलं होतं. इतकी वर्षं तो शब्द ऐकला की पोटात गोळा यायचा. आज कळलं की तो फक्त आकार आहे. चाती.

फिजिओ_रेवा

नेवाळी, लिहिलंत हे बरं केलंत. हो, ती वळी मध्ये रुंद आणि दोन्हीकडे निमुळती, म्हणून एकोणिसाव्या शतकातच तिला चातीचं नाव मिळालं. ती चेहऱ्यांसाठी इतकी महत्त्वाची आहे हे नंतरचं ज्ञान. १९९७ साली नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की चेहरा पाहिला की या वळीतला एक ठरावीक भाग इतर वस्तूंपेक्षा जास्त जागा होतो. हे बहुतेकांत उजव्या बाजूला अधिक ठळक असतं. मावशी आवाजावरून ओळखायच्या, कारण आवाजाची वाट वेगळी आहे.

सांजवात

नेवाळी, तुमचं वाचून आम्ही दोघी बराच वेळ गप्प बसलो.

आजचं सांगते. रविवार होता. लेकीनं मोजे विणायची दुटोकी सुई घेतली, खाली बटाट्याची जाडसर चकती खोचली आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या कापसाचा पेळू करून टकळी फिरवायला बसली. पहिली पंधरा मिनिटं सूत निघेचना. मग अर्धी वीत निघालं आणि तुटलं. मग जरा जास्त. दुपारपर्यंत जेमतेम दोन हात सूत झालं, कुठे जाड, कुठे केसासारखं. एवढ्यात पोट कसं दिसणार? म्हणून तिनं चकती काढली आणि त्याच सुईच्या मध्यावर माझ्या शिवणाच्या रिळातला दोरा गुंडाळत बसली, आप्पाकाकांनी सांगितलं तसं कडेला कमी, मध्ये जास्त. अर्ध्या तासात कुकडी तयार झाली. ती तिनं पुस्तकातल्या स्नायूतंतूच्या चित्राशेजारी ठेवली आणि मला हाक मारली. हुबेहूब.

आप्पाकाका, तिचा प्रश्न आहे: सूत सारखं का तुटतं?

आप्पाकाका

शाब्बास पोरी! दोन हात सूत पहिल्या दिवशी म्हणजे पुष्कळ झालं, मला तीन दिवस लागले होते.

तुटण्याची कारणं दोन. दुकानातला कापूस दाबून घडी केलेला असतो, त्याचे तंतू गुंतलेले असतात. तो बोटांनी हलके हलके विंचरून मोकळा कर आणि मग पेळू वळ. दुसरं म्हणजे तू पीळ बसायच्या आधीच हात ओढत असणार. टकळीला झटका दिल्यावर लगेच ओढू नकोस. पीळ वर चढून चिमटीपाशी आला की बोटांना कळेल, तेव्हा चिमूट जराशी सैल कर आणि तेवढाच कापूस सोड. पेळू घट्ट धरायचा नाही, कबुतराचं पिल्लू धरतो तसा धरायचा. आणि बटाट्याची चकती सुकून हलकी पडते, उद्या नवी लाव.